उतारावर लागणारा ब्रेकचा लाल दिवा : जुनी झेन, सेन्सरची वायर काढून टाकावी का?

प्रश्न (साखळी, गोवा)

माझ्याकडे २००३ सालची, पेट्रोलवर चालणारी मारुती झेन आहे. गाडीला एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण रीतसर झालेले आहे. गाडीचा वापर मुख्यतः डिचोली-म्हापसा असा असला तरी अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगावलाही जाणे होते. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागू लागला आहे. आरंभी तो केवळ वळणावर किंवा जोराने ब्रेक दाबल्यावर क्षणभर लुकलुकत असे. पुढे बेळगावहून परतताना चोर्ल्याचा माथा ओलांडून उतार सुरू झाला की जो लागायचा, तो केरी गाठेपर्यंत विझत नसे आणि सपाट रस्त्यावर आपोआप जात असे. हँडब्रेक पूर्ण खाली असतो, हे मी प्रत्येक वेळी हात लावून पाहिले आहे.

जवळच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेव्हा त्यांनी टाकीत ब्रेक ऑइल भरले आणि दिवा गेला. काही आठवड्यांनी तो पुन्हा तसाच लागू लागला. आता त्यांचे म्हणणे असे आहे की टाकीतला सेन्सर खराब झाला असून नवा मिळेपर्यंत त्याची वायर काढून ठेवावी, म्हणजे दिव्याचा त्रास राहणार नाही. पेडल मला नेहमीसारखेच लागते आणि गाडीही थांबते. चतुर्थीसाठी आईला बेळगावहून आणायचे आहे. वायर काढणे योग्य ठरेल का? नसेल तर तपासणीची सुरुवात कोठून करावी, आणि तीतले घरच्या घरी करण्याजोगे काय आहे?

उत्तर (फोंडा, ऑटो इलेक्ट्रिशियन)

वायर काढू देऊ नका. कारण सांगण्याआधी या दिव्याची जोडणी कशी असते ते पाहू, म्हणजे पुढचे सोपे जाईल.

तुमच्या गाडीत हा एकच दिवा दोन कामे करतो. इग्निशन चालू केले की दिव्याला एका बाजूने करंट मिळतो आणि दुसऱ्या बाजूने अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीशी विजेची जोडणी, मिळाला की तो पेटतो. हा अर्थ दोन ठिकाणांहून मिळू शकतो. एक म्हणजे हँडब्रेकच्या दांड्याखालचा छोटा स्विच आणि दुसरे म्हणजे ब्रेक ऑइलच्या टाकीतला तरंगता स्विच. टाकीतल्या तरंगत्या तुकड्यात लोहचुंबक असतो. ऑइलची पातळी खाली गेली की तो तुकडा खाली येतो, स्विच जोडला जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे हा दिवा ब्रेक किती चांगले आहेत हे सांगतच नाही. दांडा वर आहे किंवा ऑइल कमी आहे, एवढेच त्याला कळते.

आता तुमची लक्षणे पाहा. हँडब्रेकचा स्विच बिघडला असता तर दिवा खड्ड्यांत, हादऱ्यांत लागला असता, कारण तिथे दांडा आणि त्याखालचा गंजलेला स्विच हलतो. तुमचा दिवा वळणावर, ब्रेक दाबल्यावर आणि उतारावर लागतो. या तिन्ही प्रसंगी टाकीतले ऑइल एका बाजूला सरकते. पातळी अगदी सीमेवर असेल तरच इतक्या सरकण्याने दिवा पेटतो. त्यामुळे सेन्सर खराब नसून तो आपले काम चोख करतो आहे, असाच माझा कयास आहे.

खात्री करायची तर गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक खाली ठेवा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, इग्निशन चालू करा आणि टाकीच्या स्विचचा कनेक्टर सोडवा. सोडवल्यावर दिवा विझला तर अर्थ टाकीकडून येत होता. विझला नाही तर हँडब्रेकच्या दांड्याचे कव्हर काढून तिथली वायर सोडवून पाहा. दोन्ही सोडवूनही दिवा पेटतच राहिला तर वायर कोठेतरी घासून बॉडीला टेकली आहे असे समजावे. त्या वेळी दिवा लागलेला नसेल तर झाकण उघडून स्वच्छ, कोरड्या प्लॅस्टिकच्या पट्टीने तरंगता तुकडा हलकेच खाली दाबा. दिवा लागला पाहिजे, सोडल्यावर विझला पाहिजे. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या असतील तर त्याही साफ करून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत हा प्रकार नेहमीचा आहे.

वायर काढण्यातला खरा धोका असा की त्यानंतरही हँडब्रेक ओढल्यावर दिवा पेटतच राहतो. गाडी चालवणाऱ्याला, किंवा उद्या ती विकत घेणाऱ्याला, यंत्रणा धड आहे असेच वाटते आणि पातळी दाखवणारी बाजू मेलेली आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दिवा पूर्ण बंद असता तरी निदान संशय आला असता.

उत्तर (म्हापसा, निवृत्त वर्कशॉप सुपरवायझर)

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु मुख्य प्रश्न विजेचा नसून ऑइल कोठे गेले हा आहे. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. इंजिन ऑइल थोडेफार जळते तसे ब्रेक ऑइल जळत नाही. ते टाकीतून कमी झाले असेल तर ते एकतर यंत्रणेतच पुढे सरकले आहे किंवा बाहेर पडले आहे, तिसरी शक्यता नाही.

पुढे सरकणे म्हणजे असे की डिस्कचे पॅड झिजत जातात तसे कॅलिपरमधले (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातले) पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्या मागे झालेली जागा टाकीतले ऑइल भरून काढते. ही घट निरुपद्रवी असते, पण तिला कित्येक महिने लागतात. तुमच्याकडे एकदा भरलेले ऑइल काही आठवड्यांत पुन्हा सीमेवर आले. पॅड इतक्या वेगाने झिजत नाहीत. मला गळतीचा दाट संशय आहे, आणि म्हणूनच निदान होईपर्यंत या गाडीने घाट उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पाहायचे कसे ते सांगतो. प्रथम टाकी. वीस वर्षांचे प्लॅस्टिक पिवळे पडते आणि आतून बसलेल्या डागाची रेघ पातळीसारखी भासते, म्हणून टाकीच्या मागून बॅटरीचा उजेड टाकून गाडी किंचित हलवावी. हलते ती खरी पातळी. तिथे बाहेरून पेनाने खूण करून शेजारी तारीख लिहा. झाकण उघडण्याआधी भोवतालचा चिखल पुसून घ्या, कारण मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या पंपाचे, रबर खराब करायला आत गेलेला एक कणही पुरेसा असतो.

मग मास्टर सिलिंडर बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) जिथे जोडलेला असतो त्या सांध्याखाली हात फिरवा. ब्रेक ऑइल रंग खाते. बूस्टरच्या खालच्या अंगावर रंगाला फोड आलेले असतील किंवा पापुद्रे सुटलेले असतील तर मास्टर सिलिंडरचे मागचे सील गळते आहे. कधी कधी हे ऑइल बूस्टरच्या पोटातच साठते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. पेट्रोल गाडीत ते इंजिनकडे ओढले जाऊन सायलेन्सरातून पांढरा धूर येतो.

यानंतर चाके. चारही टायरांची आतली बाजू पाहा. पावसात सगळेच ओले असते आणि तुमच्या डिचोली-सत्तरीकडच्या तांबड्या चिखलात ओघळ ओळखणे कठीण जाते, म्हणून गाडी धुऊन छपराखाली रात्रभर उभी करा आणि प्रत्येक चाकाखाली जुना पुठ्ठा घाला. पाण्याचा डाग सकाळपर्यंत वाळतो, ब्रेक ऑइलचा वाळत नाही. बोटांत चोळले तर बुळबुळीत लागते. ते त्वचेला आणि रंगाला अपायकारक असते, तेव्हा हात लगेच पाण्याने धुवावेत.

माझा पहिला संशय मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरवर, म्हणजे ब्रेकचे शू ड्रमवर दाबणाऱ्या भागावर, आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. कित्येक वर्षे न बदललेल्या ऑइलमधले पाणी व्हील सिलिंडरसारख्या टोकाच्या जागी गंज धरवते, सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला बारीक खड्डे पडतात आणि त्यांवरून मागेपुढे घासणारे रबरी वॉशर कापले जातात. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असणाऱ्या आपल्या भागात हा बिघाड वारंवार आढळतो. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरच्या टोकाचे रबरी बूट बोथट स्क्रू ड्रायव्हरने हळूच उचलून पाहावे. आत किंचित दमटपणा चालतो, पण उचलताच ऑइल ओघळले तर तो सिलिंडर गेला. ड्रममधली भुकटी मात्र तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या लायनरांत (शूवरच्या, ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांत) ॲस्बेस्टॉस असू शकतो. पाण्याने धुऊन काढावी.

पेडल नेहमीसारखे लागते या गोष्टीवर फार विसंबू नका. टाकीच्या आत एक आडवी भिंत असते, त्यामुळे ब्रेकच्या दोन स्वतंत्र सर्किटांपैकी (ऑइलच्या मार्गांपैकी) एकाचे ऑइल गेले तरी दुसऱ्याचे उरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत ही सर्किटे तिरपी असतात, म्हणजे पुढचे एक चाक आणि त्याच्या समोरच्या कोनातले मागचे चाक एका सर्किटवर. गळती थोडी असेपर्यंत पेडलमध्ये काहीच जाणवत नाही. टाकीच्या त्या बाजूचे ऑइल संपून मास्टर सिलिंडर हवा ओढू लागला की पेडल एकाएकी खाली जाते आणि अर्ध्याच ब्रेकवर गाडी थांबवावी लागते. दिवा त्याच्या बऱ्याच आधी लागतो, आणि तुमचा दिवा सध्या नेमके तेच करतो आहे.

आणखी एक चाचणी घरी करता येईल. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबून मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली जात राहिले तर मास्टर सिलिंडरच्या आतल्या वॉशरांवरून ऑइल परत फिरते आहे, किंवा बाहेर गळती आहे. टाकीतली पातळी न घटता पेडल खाली जात असेल तर पहिला प्रकार.

उत्तर (वास्को)

डिझेल गाडी वापरणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो, विषय तोच आहे. माझ्या जुन्या डिझेल गाडीत ब्रेकचा आणि बॅटरीचा असे दोन्ही दिवे एकदमच मंद लागू लागले. ब्रेक ऑइल पूर्ण होते, हँडब्रेकचा स्विचही नीट होता. दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या ऑल्टरनेटरच्या डायोडमध्ये निघाला. काही गाड्यांत ब्रेकच्या दिव्याची जोडणी चार्जिंगच्या सर्किटशी असते आणि त्यामुळे असे घडते. शिवाय अनेक जुन्या डिझेल गाड्यांत बूस्टरला लागणारा व्हॅक्युम पंप ऑल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो, म्हणून असे दोन दिवे एकत्र लागले तर पेडल जड झाले आहे का, हेही त्याच वेळी पाहावे.

उत्तर (पेडणे)

इतका खोलात जाण्याचे कारण मला दिसत नाही. जुन्या गाडीचे ऑइल थोडेफार कमी होणारच. डिकीत एक बाटली ठेवावी आणि दिवा लागला की भरावे. माझ्या गाडीत गेला बराच काळ असेच चालले आहे. सणाच्या तोंडावर गाडी उघडून ठेवली आणि सुटे भाग मिळाले नाहीत तर बेळगावही राहील आणि चतुर्थीही.

उत्तर (म्हापसा, निवृत्त वर्कशॉप सुपरवायझर)

पेडण्याच्या मित्रांचा मान राखून असहमती नोंदवतो. दिवा लागला की ऑइल भरणे म्हणजे गाडी देत असलेली सूचना पुसून टाकणे होय. घट झिजेमुळे असली तरी वर भरलेले ऑइल नवे पॅड बसवताना अडचणीचे ठरते. पिस्टन मागे ढकलले की ते टाकीतून उसळून बाहेर येते आणि बॉनेटखालचा रंग उतरवते. घट गळतीमुळे असेल तर ते ऑइल लायनरवर पडते. ऑइल प्यायलेला लायनर पकड सोडतो किंवा एकदम जाम धरतो, आणि ओल्या रस्त्यावर मागचे एकच चाक जाम झाले तर गाडी फिरते.

डिकीतल्या बाटलीविषयीही सांगणे भाग आहे. एकदा सील तोडलेली बाटली आपल्या हवेत महिनोन्‌महिने ठेवून वापरू नये. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून गाडी आणली तर कॅलिपरमधले पाणीदार ऑइल उकळू शकते, वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल स्पंजासारखे दबते. म्हणून चोर्ला काय किंवा अनमोड काय, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरावे हे वेगळे सांगायला नको, पण ऑइल ताजे असणेही तितकेच आवश्यक आहे. साधारणपणे दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. झाकणावर डॉटचा जो आकडा असेल त्याच प्रतीचे घ्यावे. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ यात मिसळू नये, आणि इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चुकूनही घालू नये; त्याने सगळी रबरे फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून पाइपांपर्यंत सर्वच बदलावे लागते.

प्रश्नकर्ता (साखळी)

सर्वांचे मनापासून आभार. वायर काढू दिली नाही. कनेक्टर सोडवल्यावर दिवा विझला आणि तरंगता तुकडा दाबल्यावर लागला, म्हणजे स्विच ठीक आहे. पेनाची खूण आणि पुठ्ठे या दोन्ही गोष्टी केल्या. मागच्या डाव्या चाकाखालच्या पुठ्ठ्यावर सकाळी सुपारीएवढा डाग होता आणि तो दुपारपर्यंत वाळला नाही. दुसऱ्या एका मेस्त्रींकडे ड्रम काढून घेतला. बूट उचलताच तपकिरी, गढूळ ऑइल बाहेर आले आणि खालच्या बाजूचा लायनर ओला झालेला दिसला. उजव्या चाकाचे बूट कोरडे आहे. पुढचे पॅड निम्म्याहून अधिक शिल्लक आहेत.

आता दोन शंका उरल्या आहेत. केवळ डावा व्हील सिलिंडर बदलून भागेल का, की दोन्ही बदलावेत? आणि ओला झालेला लायनर पेट्रोलने धुऊन, सँडपेपर मारून पुन्हा वापरता येईल असे मेस्त्री म्हणतात, ते बरोबर आहे का?

उत्तर (म्हापसा, निवृत्त वर्कशॉप सुपरवायझर)

निदान झाले, उत्तम. व्हील सिलिंडर दोन्ही बदलावेत. दोघांचे वय एकच आहे, दोघांत तेच ऑइल इतकी वर्षे होते; उजवा आज कोरडा दिसत असला तरी त्याच्या आतल्या भिंतीची अवस्था वेगळी असण्याचे कारण नाही. या लहान गाडीचा व्हील सिलिंडर महाग नाही आणि ब्रेकच्या पाइपांतली हवा काढण्याचे काम एकदाच होईल. जुना उघडून नुसते वॉशरांचे किट घालण्याचा आग्रह कोणी धरला तर भिंतीवरून नख फिरवून पाहायला सांगा. नखाला खड्डा लागला की किट घालण्यात अर्थ नाही.

लायनर मात्र धुऊन वापरू नये. त्याच्या अंगात मुरलेले ऑइल पेट्रोलने वरवर निघते आणि ड्रम तापला की पुन्हा पृष्ठभागावर येते. मागचे चारही शू एकत्रच बदला. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला जुने ठेवले तर ब्रेक एका बाजूला ओढतात. ड्रमचा आतला भाग ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. त्यात बोटाला जाणवणारा कंगोरा झाला असेल तर लेथवर घासून घेता येईल का, की ड्रमच बदलावा लागेल, हे ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासावरून ठरवावे.

हवा काढताना सगळे जुने ऑइल निपलातून (चाकाजवळच्या हवा काढायच्या तोटीतून) बाहेर काढून नवे भरा, नुसती हवा काढून थांबू नका. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक आधी घेण्याची प्रथा आहे. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचे डावे ठरते, तरी गाडीच्या पुस्तिकेत निराळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. काम चालू असताना टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळे पुन्हा करावे लागेल. काढलेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. बंद डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे.

शू नवे बसले की हँडब्रेकच्या केबलचा ताण पुन्हा जमवावा लागतो. आधी शूंची जुळणी करायची आणि केबल नंतर, असा क्रम ठेवा. काम झाल्यावर साखळी-डिचोली रस्त्यावर गर्दी नसताना कमी वेगात ब्रेक लावून पाहा, मग घरी येऊन चाकांखाली पुन्हा पुठ्ठा घाला आणि टाकीवर नवी खूण करा. दोन-तीन दिवस खूण हलली नाही तर बेळगावला निघायला हरकत नाही.

उत्तर (फोंडा, ऑटो इलेक्ट्रिशियन)

कनेक्टर परत बसवताना त्यावर थोडे डायइलेक्ट्रिक (ओल रोखणारे) ग्रीस लावा, आणि कव्हर उघडलेच आहे तर हँडब्रेकचा स्विचही साफ करून घ्या. पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस बाहेर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, नवे शू ओल्या ड्रमला चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये घालून चाकाला ठोकळा लावलेला पुरतो.